बोर्डावर राजा नसतो

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार काढून घेतला. त्याच्या आधीपासून माझ्या काउंटरवर एकच प्रश्न सारखा येत होता, आणि अजून येतो : प्रोसेसर बदलून भेटन का? विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढची लागते. सहाव्या-सातव्या पिढीचं यंत्र कितीही ठणठणीत असो, स्क्रीनवर ओरखडा नसो, कीबोर्डचं एकही बटण गेलेलं नसो, पडद्यावर सूचना येते की हे यंत्र पात्र नाही. मग माणूस ते पिशवीत घालून आणतो. कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी झेरॉक्सवाला, कधी पेन्शनीत निघालेला बाबू. "भाऊ, बाकी सारं बरोबर आहे. आतला तेवढा नवा टाकून द्या."

मी नागपूरचा. सीताबर्डीला एका गल्लीत माझं दुकान आहे, घर इंदोऱ्यात. काम चिप-लेव्हलचं, म्हणजे बंद पडलेला बोर्ड फेकून दुसरा बसवायचा नाही, त्याच बोर्डावर बिघाड शोधायचा. आयटीआय केलं ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये. तत्त्वज्ञान शिकलो ते दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून. या प्रश्नाला मी रोज उत्तर देतो, आणि रोज वाटतं की समोरचा जे विचारतो आहे ते फक्त लॅपटॉपबद्दल नाही.

आधी लॅपटॉपचं उत्तर. एक काळ होता की प्रोसेसर खरंच बदलता यायचा. कोअर टू ड्युओच्या दिवसांपासून ते इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४पर्यंतच्या बऱ्याच जाड लॅपटॉपांत प्रोसेसर सॉकेटमध्ये बसलेला असे. हीटसिंक काढायची, सॉकेटच्या कडेचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, पकड सुटते, चिप अलगद उचलून घ्यायची. थिंकपॅड टी४३०मध्ये आय५-३३२०एम असायचा, दोन कोअरचा. तो काढून त्याच जागी आय७-३६३२क्यूएम बसायचा, चार कोअरचा. दोघांनाही ३५ वॅटच्या उष्णतेचं गणित लागू, त्यामुळे जुन्या पंख्यालाही तो झेपायचा. त्याहून मोठा ३७४०क्यूएम घेतला तर तो ४५ वॅटचा. बसतो, चालतो, पण नागपूरचा मे महिना लागला की गरम होऊन स्वतःच आपला वेग कमी करतो. पैसे जास्त देऊन माणसाला मिळतो तो थांबत थांबत चालणारा प्रोसेसर. आणि दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉपात तिसऱ्या पिढीची चिप? सॉकेट तोच, पिना जुळतात, पण पुष्कळ यंत्रांच्या बायॉसला ती चिप ओळखूच येत नाही. जागेवर बसलेली असूनही यंत्रासाठी ती नसल्यासारखीच.

पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपसाठी सॉकेट ठेवलाच नाही. पातळ यंत्रांत तो आधीपासूनच नव्हता. आता चिपच्या पोटाशी हजाराहून जास्त बारीक कथलाचे मणी असतात आणि ते बोर्डाला वितळवून जोडलेले असतात. शिसं नसलेलं ते कथील २१७ अंशांच्या आसपास वितळतं. काढता येत नाही असं नाही. खालून बोर्ड तापवायचा, वरून गरम हवा द्यायची, मणी साफ करायचे, नवे बसवायचे. त्याला आम्ही रिबॉलिंग म्हणतो. जळालेल्या चिपच्या जागी तीच चिप बसवायला मी हे करतो. पण पुढच्या पिढीची चिप बसवायला नाही. तिचं मण्यांचं नक्षीकाम वेगळं, तिला लागणारे व्होल्टेज वेगळे, ते कोणत्या क्रमाने यावेत हेही वेगळं. तेव्हा मी सांगतो की प्रोसेसर राहू द्या. हार्ड डिस्क असेल तर काढून एसएसडी टाका, रॅम वाढवता येत असेल तर वाढवा, लिनक्स चालत असेल तर तो घ्या, आणि विंडोज ११च पाहिजे असेल तर दुसरं यंत्र बघा.

हे ऐकून चेहरा पडतो, तो पैशासाठी कमी आणि दुसऱ्याच कशासाठी तरी जास्त पडतो. त्याची कल्पना अशी असते की यंत्राच्या मध्यभागी एक काहीतरी आहे, तेच यंत्र आहे, बाकी सगळा डबा. मधलं ते नवं झालं की सगळं नवं झालं. ही कल्पना संगणकाच्या आधीची, फार जुनी आहे. माणसाबद्दलही माणसाने हेच मानलं : आत एक आहे, तोच खरा, बाहेरचं सगळं कवच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो असं सांगितलं आहे. तिथे आतलं कायम आणि बाहेरचं बदलतं. माझ्या काउंटरवर उलटं मागतात, बाहेरचं कायम ठेवून आतलं बदला. पण दोन्हीकडे गृहीत एकच, की आत एक कोणीतरी बसलेला आहे.

मी बोर्ड उघडून पाहिलेला माणूस आहे. तिथे मला असा कोणी बसलेला दिसला नाही.

लॅपटॉपचं बटण दाबल्यावर काय होतं ते सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की बटण दाबलं की प्रोसेसर जागा होतो आणि मग तो बाकीच्यांना उठवतो. होतं बरोबर उलटं. चार्जर लावला की आधी १९ व्होल्ट आत येतात. त्यातून तीन आणि पाच व्होल्टच्या कायम चालू राहणाऱ्या लाइनी तयार होतात. त्यांवर एक लहानशी चिप जागी होते, तिला आम्ही ईसी म्हणतो. बटण दाबल्याचं तिला कळतं, प्रोसेसरला नाही. ती चिपसेटला खूण करते. चिपसेट एकेक झोपेचा सिग्नल सोडत जातो. मग रॅमचा व्होल्टेज येतो, मग चिपसेटचे बाकीचे, आणि जवळजवळ शेवटी, सगळ्यांनी 'आमचं ठीक आहे' असं कळवल्यावर, प्रोसेसरचा व्होल्टेज येतो. त्यानंतर रीसेट सुटतो आणि प्रोसेसर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे बायॉसच्या चिपमध्ये लिहून ठेवलेलं वाचायला लागतो. ज्याला आपण राजा समजतो तो सगळ्यांत उशिरा उठतो, आणि उठल्यावर दुसऱ्याने लिहिलेली आज्ञा वाचतो.

माझ्या टेबलाच्या खणात मेलेले बोर्ड पडलेले आहेत. त्यांतल्या कित्येकांवरचा प्रोसेसर चांगला आहे. रॅम चांगली, चिपसेट चांगला. कुठेतरी एक कॅपॅसिटर शॉर्ट झाला, कुठे एका आयसीने 'ठीक आहे' म्हणणं सोडलं, आणि तो एक सिग्नल आला नाही म्हणून पुढचं काहीच घडलं नाही. सगळे भाग हजर आहेत, पण यंत्र नाही. तो कॅपॅसिटर काढला, लाइन मोकळी झाली, की तेच भाग पुन्हा यंत्र होतात. त्या दोन क्षणांच्या मध्ये बोर्डात मी काही जीव घातलेला नसतो. हे असलं की ते घडतं, हे नसलं की ते घडत नाही, एवढंच तिथे असतं. बुद्धाने प्रतीत्यसमुत्पाद म्हणून जे सांगितलं ते मला पुस्तकात वाचून अर्धं कळलं होतं, उरलेलं अर्धं मीटरच्या टोकाने कळलं. कोणतीही गोष्ट आपल्या एकटीच्या बळावर उभी नसते, आणि तिच्या मागे कोणी कर्ताही उभा नसतो.

माझ्याकडे एक निवृत्त संस्कृत शिक्षक येतात. त्यांच्या सहाव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये शब्दकोश आणि टीकाग्रंथ भरलेले आहेत, आणि त्यांना यंत्र बदलायचं नाही. प्रोसेसर बदलता येत नाही हे त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तुमच्याकडे आत्मा बदलत नाही, हे तर आमचंच म्हणणं झालं." मी म्हटलं, "सर, आमचं म्हणणं असं आहे की तो आत्मा नाहीच. तो एक भाग आहे, बाकीच्यांसारखा." ते स्टुलावर बसले. त्या दिवशी सुरू झालेला वाद अजून संपलेला नाही, आणि तो संपू नये असं मला वाटतं, कारण ते माझी बाजू माझ्यापेक्षा नीट मांडून मग तिच्यावर हल्ला करतात.

त्यांचा मुद्दा न्यायसूत्रांतला. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला त्या सूत्रांचा कर्ता गौतम (बुद्ध नव्हे) म्हणतो की जी वस्तू मी डोळ्याने पाहिली तिलाच हाताने स्पर्श करून मी ओळखतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रूप कळत नाही. तरीही 'पाहिलं ते हेच' असं कोणीतरी म्हणतो. तो जो दोन्हींना एकत्र आणतो, तो डोळा नाही आणि हातही नाही. तोच आत्मा. सर म्हणाले, "तुमच्या बोर्डावर ईसी वेगळी, चिपसेट वेगळा, पण मी जो ग्रंथ काल उघडला तोच आज उघडतो आहे, हे माझ्यात कोण जाणतो?"

हा मुद्दा हलका नाही. बौद्ध घरांत आम्ही आत्मा नाही म्हणून पटकन सांगून टाकतो आणि पुढचा विचार करत नाही. मला पुढचा विचार करावा लागला.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात हीच लढाई आहे. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा, त्याची राजधानी सागल, आजचं सियालकोट असं मानतात. त्याने भिक्खू नागसेनाला नाव विचारलं. नागसेन म्हणाला की नागसेन हे नुसतं हाक मारायचं नाव आहे, त्यामागे कोणी पुद्गल, म्हणजे व्यक्ती, सापडत नाही. राजा चिडला, मग चीवर कोण घेतं, भिक्षा कोण खातं, शील कोण पाळतं? तेव्हा नागसेनाने त्याला विचारलं की महाराज, इथवर आलात कशाने. रथाने. मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणत गेला, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे वेगळा रथ आहे का, यालाही नाही म्हणाला. शेवटी त्यालाच कबूल करावं लागलं की या सगळ्यांना धरून रथ हे नाव चालतं.

माझं धंद्यातलं मत असं की या उत्तरात एक गोष्ट जोरात म्हणायला हवी होती. भागांच्या ढिगाऱ्याला कोणी रथ म्हणत नाही. माझ्या खणातल्या बोर्डांना कोणी लॅपटॉप म्हणत नाही. भाग ज्या क्रमाने एकमेकांना उठवतात, त्या क्रमाला ते नाव आहे. मग सरांच्या प्रश्नाचं उत्तर असं येतं : पाहिलं आणि शिवलं यांना जोडणारा तिसरा कोणी लागत नाही, पाहण्याने जे मागे ठेवलं ते शिवण्याच्या वेळी हजर असलं की पुरे. काल उघडलेला ग्रंथ आज त्याच पानावर उघडतो, कारण कालच्या उघडण्याने डिस्कवर खूण ठेवली. ती खूण वाचणारा मालक डिस्कमध्ये नाही. सर यावर म्हणतात, "खूण आहे हे मान्य. पण ती माझी आहे असं वाटतं, ते वाटणं कुठून आलं?" यावर माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. ते वाटणंही कारणांनीच घडतं, एवढं म्हणता येतं, आणि एवढ्याने त्यांचं समाधान होत नाही.

पण हा प्रश्न माझ्यासाठी नुसता वादाचा नाही. तो माझ्या घरातला आहे.

विंडोज १० ज्या तारखेला संपलं, त्याच तारखेला, १४ ऑक्टोबर १९५६ला, या शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. आधी भदंत चंद्रमणी यांच्याकडून स्वतः घेतली, मग समोरच्या लाखो माणसांना दिली आणि त्यांच्याकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. माझी आजी त्या गर्दीत होती. कामठीकडच्या एका खेड्यातून पांढरं लुगडं नेसून आली होती, माझे बाबा कडेवर. त्या प्रतिज्ञांमधली एकविसावी अशी की आज आपला नवा जन्म होतो आहे असं मी मानतो. आत्मा नाही असं सांगणारा धम्म घेताना नवा जन्म झाला असं म्हणायचं, तर जन्मलं काय? शरीर तेच. आडनाव तेच. संध्याकाळी परत जायचं ते गाव तेच, आणि गावात घराची जागाही तीच, शेवटच्या टोकाला.

बाबासाहेबांना ही अडचण नवी नव्हती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या मागे १९५७ला प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी हा प्रश्न मांडला आहे की बुद्धाने आत्मा नाकारला आणि तरी कर्म आणि पुनर्जन्म मानला असं म्हणतात, हे जुळतं कसं. ग्रंथात पुढे त्यांनी त्याचा निकाल लावला. पुनर्जन्म आत्म्याचा नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्यं विखुरतात आणि पुन्हा एकत्र येतात, आणि एकत्र येताना ती एकाच मेलेल्या माणसाची असतील असंही नाही. मागच्या जन्मीच्या पापाने या जन्मी खालची जात मिळाली, हा जो हिशेब आमच्या गळ्यात बांधला होता, त्याची दोरीच यात कापली गेली. गाठोडं उचलून नेणारा कोणी नाही, तर मागचं गाठोडं माझ्या डोक्यावर आलं कुठून?

आणि म्हणून मला वाटतं की एकविसाव्या प्रतिज्ञेतला नवा जन्म हा प्रोसेसर बदलणं नव्हे. त्या माणसांच्या आत काही अशुद्ध होतं, ते काढून शुद्ध बसवलं, असं त्यात नाही. तसं म्हटलं तर आधीचं अशुद्ध होतं हेच मान्य केल्यासारखं होतं. त्याआधीची तीस वर्षं पाहिली तर हे लख्ख दिसतं. १९२७ला महाडच्या तळ्याच्या पाण्यासाठी. १९३०पासून नाशिकला काळाराम मंदिरात शिरण्यासाठी. त्याच बोर्डावर राहून, त्याच व्यवस्थेत, माणूस म्हणून जागा मिळते का हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. बोर्डाने ओळखलं नाही. पाणी तेच, देऊळ तेच, माणूसही त्याच मापाचा, पण व्यवस्थेच्या लेखी तो बसलेलाच नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याला त्यांनी सांगून टाकलं की या धर्मात मी मरणार नाही. बिघाड माणसात नाही, जोडणीत आहे, असं ज्याला दिसलं त्यानेच हे बोलावं. मग जोडणीच बदलायची. ती एकट्याने बदलत नाही, म्हणून लाखोंनी एका दिवशी, एका मैदानात बदलली.

आजी घरी गेली. देवघरातले टाक काढले आणि कन्हानच्या पात्रात सोडले. हे ती आम्हाला सांगायची तेव्हा आवाज जराही कापायचा नाही. आवाज कापायचा तो दुसरी गोष्ट सांगताना. पाटलाच्या घरचं माणूस रस्त्याने समोरून आलं की तिचे पाय आपोआप कडेला व्हायचे. दीक्षा घेऊन आल्यावरही व्हायचे. मनाने ठरवलेलं असायचं की व्हायचं नाही, आणि पाय झालेले असायचे. शपथ तोंडाने एका दिवसात घेतली, पायांनी घ्यायला वर्षं लागली. मग कधीतरी एक दिवस ती मध्यातून चालत गेली. समोरच्याला कळलंही नसेल, पण तिला कळलं. त्यानंतर बाबांना शाळेत घालताना ती स्वतः मास्तरांसमोर उभी राहिली आणि नाव नीट लिहा म्हणाली.

मी तिला एकदा विचारलं होतं की आई, तुझा नवा जन्म नेमका कधी झाला, मैदानात की रस्त्यावर. (आम्ही आजीला आईच म्हणायचो.) ती म्हणाली, मैदानात नसता झाला तर रस्त्यावर झाला नसता.

यातून मला शेवटची, बाविसावी प्रतिज्ञा कळली. नवा जन्म झाला असं मानतो असं म्हटल्यावर लगेच पुढे येतं की यापुढे मी बुद्धाच्या शिकवणीप्रमाणे वागेन. दोन्ही एकमेकींना लागून आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आत्मा मानणाऱ्याला बाविसावीची तेवढी गरज नाही. आतलं बदललं, काम झालं. आत्मा न मानणाऱ्याला तिच्याशिवाय दुसरं काहीच नाही. रोज वागत गेलं तरच नवा माणूस आहे. वागणं थांबलं की फक्त भाग उरतात. माझ्या पिढीला याचा विसर पडतो, हे मला बोलायलाच हवं. आम्ही जन्मतःच बौद्ध आहोत असं म्हणतो, जणू तीही आत बसवून आलेली एक चिप आहे. मग घरात मुलीच्या लग्नात पोटजात विचारतो. पंचशील वंदनेला म्हणतो आणि बाहेर येऊन चौथं शील सोडून देतो, गिऱ्हाइकाला खोटं सांगतो. जन्माने बौद्ध होता येत असेल तर मग ब्राह्मणही जन्मानेच होता येतं, आणि बाबासाहेबांनी ज्याच्याविरुद्ध जीव वेचला ते सगळं परत दारात उभं राहतं.

बाहेरच्या ओळखीचंही असंच आहे. आम्ही नवे झालो हे आम्हाला १९५६ला कळलं. केंद्राच्या कागदाने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना घेतलं ते १९९०ला. त्या मधल्या वर्षांत कित्येकांनी दाखल्यावर एक लिहिलं आणि घरात दुसरं जगले. घरमालक आजही आडनाव ऐकून खोली रिकामी नाही म्हणतो. माणूस बदललेला असतो, पण समोरची व्यवस्था त्याला जुन्याच नावाने ओळखते किंवा ओळखतच नाही. त्यावर उपाय म्हणून पुन्हा माणसालाच बदलायला सांगतात. नाव बदला, वस्ती बदला, बोली बदला. दुरुस्ती कुठे करायची हे ठरवणं हा माझा धंदा आहे, आणि मी सांगतो की इथे चुकीच्या जागी हात घातला जातो आहे.

सरांना मी हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला वाट होती. "आत्मा नाही, माणूस सारखा नवा होतो, मग ज्याने तुमच्या आजीला रस्त्याच्या कडेला ढकललं तो आजच्या पाटलाच्या नातवाहून वेगळा. त्याला तुम्ही जाब कसा विचारणार? आणि त्यालाही म्हणता येईल की तो मी नव्हेच."

नागसेनासमोर हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर आंबेचोराचं आहे. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि पकडल्यावर म्हणाला, याने जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा, मी याचं काही घेतलं नाही. राजा म्हणाला, तरी तो दोषी, कारण तोडलेला आंबा लावलेल्या आंब्यातूनच आला. सारखेपणा लागत नाही, वारसा लागतो. मी सरांना म्हटलं की नातवाला मी आजोबाच्या पापाचा गुन्हेगार म्हणत नाही, तसं म्हटलं तर मीच मागच्या जन्मीचं गाठोडं परत आणलं. पण त्या रस्त्यामुळे जी शेती, जी शाळा, जी ओळख त्याच्याकडे चालत आली ती आजही त्याच्याकडे आहे, आणि तिचं काय करायचं हे आज तोच ठरवतो. जाब त्याचा आहे. तसाच माझाही. आजीने मध्यातून चालून जे मला मिळवून दिलं, त्याचं मी काय करतो याचा.

सरांनी विचारलं, "म्हणजे वारसा मानता, वारस मानत नाही?"

मी म्हटलं, वारस मानतो, मालक मानत नाही.

त्यांनी मान हलवली, पण पटलं म्हणून नाही. पुढच्या वेळी ते न्यायाचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांचा कोणता तरी उतारा घेऊन येणार आहेत. त्यांच्या लॅपटॉपमध्ये मी एसएसडी टाकून दिली आहे, रॅम वाढवली आहे आणि लिनक्स घातला आहे. शब्दकोश सगळे उघडतात. प्रोसेसर तोच, सहाव्या पिढीचा, आणि यंत्र आता पूर्वीपेक्षा चपळ चालतं.